रॅम घेताय? आधी कॅबिनेट उघडा, मग पाकीट

२०२५ची दिवाळी उलटली आणि कॉम्प्युटरच्या रॅमचे भाव भडकले. दोन-तीन महिन्यांत कितीतरी स्टिकांची, म्हणजे रॅमच्या पट्ट्यांची, किंमत दुपटीच्या वर गेली. कारण आपल्या घरात नाही, एआयच्या डेटा सेंटरमध्ये आहे. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या कारखान्यांत तयार होते, आणि एआयच्या चिपांना लागणारी महागडी मेमरी बनवण्यात त्यांना आता जास्त पैसा दिसतो. तिकडे कारखाना वळला की आपल्या पीसीच्या वाट्याला कमी माल येतो. ३ डिसेंबर २०२५ रोजी तर मायक्रॉनने जाहीरच केलं, की ‘क्रुशियल’ या नावाने किरकोळ ग्राहकांना माल विकणं आपण बंद करतोय. जुन्या डीडीआर४ प्रकारचं उत्पादन कंपन्या आधीपासूनच आटोपतं घेत होत्या, त्यामुळे ‘जुनी म्हणून स्वस्त’ हाही आधार गेला.

त्याच सुमारास, १४ ऑक्टोबर २०२५ला, विंडोज १०चा सपोर्ट संपला. घरातल्या जुन्या मशीनचं काय करायचं हा प्रश्न एकदम पुढे आला. ‘रॅम वाढवून घेऊ’ हे पहिलं उत्तर सगळ्यांनाच सुचतं. उत्तर बऱ्याचदा बरोबरही असतं. पण चुकीची रॅम आणली तर ती स्लॉटमध्ये बसतच नाही, किंवा बसते पण मशीन सुरू होत नाही, किंवा सुरू होतं आणि पैसे कशाला घातले हे कळत नाही. पूर्वी असा घोळ परवडायचा. आता नाही.

रॅम म्हणजे ओटा

स्वयंपाकघरात धान्य-मसाले फडताळात असतात आणि काम चालतं ओट्यावर. कॉम्प्युटरचं फडताळ म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी, आणि ओटा म्हणजे रॅम. तुम्ही जे उघडता ते सगळं, म्हणजे ब्राउझरचे टॅब, टॅलीची फाइल, फोटो, आधी रॅमवर येतं. प्रोसेसर, म्हणजे सगळं काम करणारी मुख्य चिप, तिथूनच उचलतो. वीज गेली की ओटा पुसला जातो, फडताळ तसंच राहतं.

ओटा भरला की काम थांबत नाही, पण दर मिनिटाला एक भांडं उचलून फडताळात ठेवायचं आणि दुसरं काढायचं अशी धावपळ सुरू होते. विंडोज नेमकं हेच करतं. रॅममधला मजकूर डिस्कवर टाकतं, लागला की परत आणतं. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी पटींनी संथ असते, म्हणून माउस अडखळतो आणि पांढरी पडलेली खिडकी बघत बसावं लागतं.

आधी बघा, रॅम खरंच अपुरी आहे का?

हे बघायला एक रुपया लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी निवडा. हे मशीन नुकतं सुरू केल्यावर बघू नका; रोजचं काम रोजच्यासारखं चालू असताना बघा. आकडा सतत ८५-९० टक्क्यांच्या पुढे असेल तर रॅम वाढवण्यात अर्थ आहे. साठ टक्क्यांवर असेल आणि तरीही मशीन रडत असेल, तर दुखणं दुसरीकडे आहे.

ते दुसरीकडचं दुखणं पुष्कळदा एकच असतं: फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क. विंडोज अजून तिच्यावरून चालत असेल तर माझं मत स्पष्ट आहे. आधी एसएसडी, मग रॅम. ३२ जीबी रॅम टाकली तरी तबकडीची चाल सुधारत नाही.

किती रॅम पुरे? विंडोज ११ची अधिकृत किमान गरज ४ जीबी आहे, पण तेवढ्यावर मशीन फक्त सुरू होतं असं म्हणावं लागेल. आठमध्ये ऑफिसचं काम आणि थोडे टॅब निभतात. सोळा हा आजचा समाधानाचा आकडा. व्हिडिओ एडिटिंग किंवा एका मशीनमध्ये दुसरं आभासी मशीन चालवणाऱ्यांनी बत्तीसचा विचार करावा. इतरांना दुकानदाराने बत्तीस सुचवली तर ‘कशासाठी’ एवढं विचारावं. एक मात्र जुनं कोडं: विंडोज ३२-बिटची असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम तिला वापरताच येत नाही. तिथे आधी ६४-बिट विंडोज टाकावी लागेल.

पिढी: इथे तडजोड नाही

रॅमच्या पाकिटावर डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ असं लिहिलेलं असतं. या पिढ्या आहेत. डीडीआर३ २००७ साली आली, डीडीआर४ २०१४ साली, आणि डीडीआर५चं मानक २०२० साली ठरलं. घरगुती मशीनमध्ये ती २०२१च्या अखेरीपासून दिसू लागली. प्रत्येक पिढीचं व्होल्टेज वेगळं: डीडीआर३ला १.५, डीडीआर४ला १.२, डीडीआर५ला १.१. बोलणी करायची पद्धतही वेगळी. म्हणून एका पिढीची स्टिक दुसरीच्या स्लॉटमध्ये चालत नाही आणि कुठलाही ‘कन्व्हर्टर’ उपयोगी पडत नाही.

चूक होऊ नये म्हणून स्टिकच्या सोनेरी दातांमध्ये एक खाच ठेवलेली असते आणि दर पिढीत तिची जागा सरकवलेली असते. डेस्कटॉपच्या डीडीआर३ला २४० पिना. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८, लांबीही सारखी, पण खाच निराळ्या जागी. लांबून बघून दोन्ही एकच वाटतात. स्टिक जात नसेल तर जोर लावू नका. स्लॉट मोडला तर बोर्ड गेला.

बोर्डाला काय चालतं, हे कोण ठरवतं?

अर्धं बोर्ड ठरवतं, अर्धं प्रोसेसर. मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग ज्या मोठ्या पाटीवर जोडलेले असतात ती पाटी. त्यावर स्लॉट कुठल्या पिढीचे लावलेत आणि किती, हे बोर्डाचं काम. पण रॅमशी प्रत्यक्ष बोलणारा भाग, मेमरी कंट्रोलर, एएमडीने २००३ साली आणि इंटेलने २००८ साली प्रोसेसरच्या पोटात नेला. त्यामुळे किती जीबीची स्टिक ओळखता येईल आणि किती वेगाने, यात प्रोसेसरचा शब्द मोठा.

एएमडीकडे हिशेब सोपा आहे. बोर्डावर प्रोसेसर बसायची जागा, म्हणजे सॉकेट, एएम४ असेल तर डीडीआर४, एएम५ असेल तर फक्त डीडीआर५. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीत मात्र खरा गोंधळ आहे, कारण ते प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींशी बोलू शकतात. निवड बोर्ड बनवणाऱ्याने केलेली असते. आपल्याकडच्या असेंबल केलेल्या स्वस्त पीसीत नेहमी दिसणारा एच६१० बोर्ड घ्या. याच एच६१० नावाचे काही बोर्ड डीडीआर४चे आहेत आणि काही डीडीआर५चे. एसुस अनेकदा मॉडेलच्या शेवटी ‘डी४’ लावते, एमएसआय आणि गिगाबाइट ‘डीडीआर४’ असं पूर्ण लिहितात. ‘बारावी पिढी, आय३, एच६१० बोर्ड’ एवढंच सांगून लॅमिंग्टन रोडला फोन केला तर चांगला दुकानदार उलट विचारेल, ‘कुठला एच६१०?’ जो न विचारता भाव सांगेल त्याच्याकडून घेताना सांभाळून.

जुन्या मशीनमध्ये मर्यादा जास्त बोचतात. एच६१ बोर्डावर सहसा दोनच स्लॉट असतात आणि एकूण १६ जीबीची कमाल. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना डीडीआर३ची १६ जीबीची एकच स्टिक ओळखता येत नाही. आठ-आठच्या घ्याव्या लागतात. म्हणजे ‘एक स्लॉट रिकामा आहे, मोठी टाकून देऊ’ हे तिथे चालणार नाही.

प्रोसेसरची कमाल मर्यादा इंटेल आणि एएमडीच्या साइटवर त्या त्या मॉडेलच्या पानावर असते. बोर्डाच्या साइटवर मेमरी सपोर्टची एक यादी असते, ज्यात कंपनीने तपासलेल्या स्टिकांची नावं असतात. यादीत नसलेली स्टिक चालणारच नाही असा त्याचा अर्थ नाही. तपासलेली नाही, इतकंच.

न उघडता काय कळतं

बरंच. टास्क मॅनेजरच्या त्याच मेमरीच्या पानावर खाली उजवीकडे वेग, किती स्लॉटपैकी किती वापरात, आणि फॉर्म फॅक्टर म्हणजे स्टिकचा आकार लिहिलेला असतो. वेग १३३३ किंवा १६०० असेल तर बहुधा डीडीआर३, २१३३ ते ३२०० असेल तर बहुधा डीडीआर४, आणि डेस्कटॉपवर ४८०० किंवा वर असेल तर डीडीआर५. अंदाजावर थांबायचं नसेल तर सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका. त्यात मेनबोर्डच्या टॅबवर बोर्डाचं पूर्ण मॉडेल मिळतं आणि एसपीडीच्या टॅबवर एकेका स्लॉटमधल्या स्टिकची जन्मकुंडली: कंपनी, क्षमता, पिढी, वेग, पार्ट नंबर. लिनक्सवाल्यांना डीएमआयडीकोड हेच सांगतो.

तरी कॅबिनेटची बाजूची झाकण-पट्टी उघडून बघा असं मी सांगेन. सॉफ्टवेअर कधीकधी नसलेले स्लॉट मोजतं. डोळे तसं करत नाहीत. शिवाय प्रोसेसरचा पंखा आड येतो का, हेही दिसतं; उंच हीटसिंकची, म्हणजे उष्णता घालवणारं धातूचं आवरण असलेली, रॅम अशा वेळी बसत नाही.

स्टिकवरच्या स्टिकरवर एक ओळ असते. ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-२६६६व्ही-यूए२’ अशा धर्तीची. घाबरायचं कारण नाही. ८जीबी ही क्षमता. पीसी४ म्हणजे डीडीआर४. २६६६ हा वेग. त्यानंतरच्या गटात यू असेल तर डेस्कटॉपची साधी स्टिक, एस असेल तर लॅपटॉपची, आर असेल तर सर्व्हरची. १आरएक्स८ म्हणजे स्टिकवरच्या चिपांची मांडणी. पीसी४-२५६०० असं दिसलं तर तो वेगळाच आकडा: ३२००ला आठाने गुणलं की सेकंदाला किती मेगाबाइट ते निघतं, म्हणजे २५६००. ३२०० आणि २५६०० ही एकाच वेगाची दोन लिहिणी. या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून तो दुकानदाराला दाखवणं, हा माझ्या मते रॅम घेण्याचा सगळ्यात सरळ मार्ग आहे.

लॅपटॉपवाल्यांनी आधी स्क्रू काढू नयेत

लॅपटॉपची स्टिक आखूड असते. डीडीआर३ची २०४ पिनांची, डीडीआर४ची २६०, डीडीआर५ची २६२. पण लॅपटॉपमध्ये पहिला प्रश्न पिढीचा नाही. रॅम बदलता येते का, हा आहे. पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावर झाळलेली असते आणि तिचं नाव बहुतेकदा एलपीडीडीआर असतं. ॲपलच्या एम मालिकेतल्या मॅकबुकांत तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजवर असते, नंतर वाढवायचा प्रश्नच नाही. टास्क मॅनेजरमध्ये फॉर्म फॅक्टरपुढे ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर रॅम झाळलेली आहे असं समजा. तिथे ‘आठपैकी आठ स्लॉट वापरात’ असलं काही लिहिलं असेल तर ते स्लॉट नव्हेत, चिपांचाच हिशेब आहे.

मधला प्रकारही भरपूर: ८ जीबी झाळलेली आणि शेजारी एक स्लॉट रिकामा. हा प्रकार असेल तर तुम्ही नशीबवान. मॉडेल क्रमांकावरून किंग्स्टनसारख्या कंपन्यांच्या साइटवर शोधलं की कुठली स्टिक चालते ते समोर येतं.

‘जास्त स्पीडची घेतली तर जास्त पळेल ना?’

नाही, बोर्ड आणि प्रोसेसर जेवढं पेलतील तेवढंच. आय३-१२१००ला डीडीआर४ अधिकृतपणे ३२००पर्यंत चालते. एच६१०वर ३६००ची महाग स्टिक लावली तरी ती ३२००वरच धावेल. नुकसान काही नाही, फक्त जास्तीचे पैसे वाया.

उलट तक्रारही असते. ३६००ची घेतली, बोर्डही चांगला, आणि मशीन २१३३ दाखवतं. ही फसवणूक नव्हे. पाकिटावरचा मोठा आकडा मिळवायला बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी, किंवा एएमडीच्या डीडीआर५ बोर्डावर एक्सपो, हा पर्याय चालू करावा लागतो. तोवर स्टिक सुरक्षित प्रमाणित वेगावर असते.

वेगापेक्षा मोठा फायदा दोन स्टिकांचा. प्रोसेसरकडे रॅमच्या दोन वाटा असतात, त्यांना ड्युअल चॅनल म्हणतात. १६ची एकच स्टिक लावली तर एक वाट रिकामी. आठ-आठच्या दोन लावल्या तर दोन्ही चालू, आणि ३२००च्या रॅमवर सेकंदाला २५.६ जीबीऐवजी ५१.२ जीबीची क्षमता. टायपिंग करताना हे जाणवणार नाही. पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर खेळ खेळताना जाणवतं, कारण तिथे ग्राफिक्सही याच रॅममधून वाटा घेतं.

‘एक आठची आहे, दुसऱ्या कंपनीची आठ टाकली तर?’

बहुतेक वेळा चालतं. पिढी एकच हवी, आकार एकच हवा. वेग वेगळे असतील तर दोन्ही मंद स्टिकच्या वेगावर चालतील. २६६६च्या जोडीला ३२०० घेतलीत तर दोन्ही २६६६. क्षमता वेगळी असली तरी अडत नाही: ८ आणि १६ मिळून २४ जीबी होतात, त्यातले सोळा दोन वाटांनी आणि उरलेले आठ एका वाटेने चालतात.

‘बहुतेक वेळा’ म्हटलं कारण अपवाद असतात, आणि डीडीआर५मध्ये जास्त. चार स्लॉटांत चार डीडीआर५ स्टिका भरल्या तर कंट्रोलरवरचा ताण वाढून वेग घसरतो. एएमडीच्या रायझन ७०००चा अधिकृत आकडाच बघा: दोन स्टिकांना ५२००, चार भरल्या तर ३६००. म्हणून डीडीआर५ घेताना ‘आत्ता दोन, पुढे अजून दोन’ असा बेत नको. हव्या त्या क्षमतेच्या दोन घ्या.

फार स्वस्त रॅम दिसली तर

महागाईत विचित्र माल वर येतो. सर्व्हरमधून निघालेली ‘रजिस्टर्ड’ डीडीआर४ रॅम घरच्या बोर्डाच्या स्लॉटमध्ये नीट बसते, आणि मशीन सुरू होत नाही. स्टिकरवरचा आर इथे कामाला येतो. दुसरा प्रकार ‘फक्त एएमडीसाठी’ असं बारीक अक्षरात लिहिलेल्या डीडीआर३ स्टिकांचा. चिपांची मांडणी वेगळी असल्याने त्या इंटेलच्या बोर्डांवर चालत नाहीत. सेकंडहँड घेण्यात मात्र गैर काही नाही. रॅममध्ये फिरणारा भाग नसतो, झीज फारशी होत नाही. समोर लावून, तपासून, बिलासह आणि बदलून द्यायच्या बोलीवर घ्या.

‘रॅम वाढवली की विंडोज ११ चालेल?’

त्याचा रॅमशी संबंध थोडा. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे आहेत, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. चौथ्या पिढीच्या आय५मध्ये ३२ जीबी भरली तरी ते यादीत जात नाही. अशा मशीनवर आजच्या भावाने नवी रॅम घालणं मला पटत नाही. सेकंडहँड डीडीआर३ची जोडी आणि विंडोजऐवजी हलकं लिनक्स टाकलं तर ते अजून काही वर्षं कामाला येईल.

‘मग बोर्डच बदलून टाकतो’ म्हणणाऱ्यांनी एवढं मोजावं: एएम५वर गेलात की आधीची डीडीआर४ निरुपयोगी, आणि सध्या खर्चातला बोचरा भाग तीच नवी रॅम. तुमचा बोर्ड एएम४ असेल आणि एक स्लॉट रिकामा, तर जुळणारी एक स्टिक हा यंदाचा शहाणा सौदा आहे.

बसवताना

मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. लॅपटॉपची बॅटरी आतून सुटी करा. स्टिकला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. चार स्लॉट असतील आणि स्टिका दोन, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरतात. ए२ आणि बी२ असं तिथे छापलेलंही असतं. खाच जुळवा, दोन्ही टोकांना सरळ दाबा, खटका ऐकू येईपर्यंत. लॅपटॉपमध्ये तिरकी सरकवून खाली दाबायची.

पडदा काळाच राहिला तर घाई नको. डीडीआर५च्या मशीनला नवी रॅम ओळखायला, विशेषतः एएम५वर, पहिल्या खेपेस काही मिनिटं लागू शकतात. डीडीआर४वर मात्र एवढं थांबावं लागत नाही. काढून पुन्हा बसवा, एकेक स्टिक वेगळी लावून बघा. जुन्या स्टिकचे सोनेरी दात काळवंडले असतील तर मऊ खोडरबराने हलकेच पुसून, कण झटकून लावण्याची रिपेअरवाल्यांची युक्ती खरोखर कामाची आहे.

सुरू झालं की टास्क मॅनेजरमध्ये पूर्ण आकडा आला का ते बघा आणि त्याच रात्री मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर लावून झोपा. सकाळी त्यात एकही चूक दिसली, तर बिल घेऊन त्याच दिवशी दुकान गाठा. दुरुस्त होईल म्हणून वाट बघू नका, स्टिकच बदलून मागा.